कोमट दुधाची डिग्री

प्रिय विशाखा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस गं. अकरा वर्षांनी लिहितेय, आणि इतका आनंद झालाय की डबासुद्धा न उघडता स्टाफरूममध्ये लिहायला बसलेय. तुझ्या आईच्या दुधात पाणी नव्हतं! कधीच नव्हतं. तुला ते माहीत होतंच, पण आता मला ते चारचौघांत सिद्ध करून दाखवता येतंय.

थांब, नीट सांगते. मी इथं सिडकोत एका शाळेत विज्ञान शिकवते, हे कानावर आलं असेलच. मंगळवारी आठवीला द्रव्याचे गुणधर्म होते. वस्तुमान, आकारमान, घनता. नुसतं सूत्र लिहिलं की पोरं जांभया देतात, म्हणून आमच्या अण्णांच्या डेअरीतला दूध तपासायचा जुना लॅक्टोमीटर नेला. हो, तोच काचेचा. नळी जास्त बुडाली की डिग्री कमी, आणि डिग्री कमी म्हणजे दुधात पाणी, असं मी अगदी रुबाबात सांगितलं. वर्गात लाइबा म्हणून एक मुलगी आहे, घरी दोन गायी. तिनं सकाळी काढलेलं दूध थर्मासमधून आणलं होतं. नळी सोडली तर पंचवीस! चांगलं दूध अठ्ठावीसच्या खाली जात नाही. अख्खा वर्ग हसला. आणि ती पोरगी अशी पेटली, "मॅडम, पानी नै डाला! माझ्यासमोर काढलंय दूध!" बोलता बोलता रडायलाच लागली. मला त्या दिवशीची तुझी आई, आपली सरूमावशी आठवली आणि पुढचं काही शिकवता येईना. ते दूध तसंच टेबलावर झाकून ठेवलं. मधल्या सुट्टीनंतर, केवळ लाइबाची समजूत काढायची म्हणून, पुन्हा नळी सोडली. अठ्ठावीस! तेच दूध, थेंब कमी नाही की जास्त नाही.

विशा, मी वर्गात चक्क ओरडले! अगं, दूध मघाशी कोमट होतं, आता गार झालं होतं. द्रव गरम असला की पसरतो. वस्तुमान तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, म्हणजे घनता घटते आणि नळी जास्त बुडते. हे मी पाच वर्षं फळ्यावर लिहितेय आणि पोरांकडून पाठ करून घेतेय. लॅक्टोमीटर किती तापमानाला खरा बोलतो ते त्याच्या काचेवरच बारीक अक्षरांत लिहिलंय. आमच्या घरात ते कधी कुणी वाचलं नाही.

आता आठव. तुमचं घर आमच्या डेअरीला लागून. मावशी धार काढायची आणि दहा पावलांत रांगेत पहिली. दूध तेव्हा अजून वाफाळत असायचं. बाकीचे मळ्यातून थंडीत अर्धा तास चालत यायचे, त्यांच्या दुधाला बरोबर डिग्री लागायची. पुढं मावशी हट्टानं देवगाव रंगारीच्या डेअरीला पायी दूध घालायला लागली. तिथं तिच्या दुधाला एकदाही कुणी नावं ठेवली नाहीत, तेव्हा आम्ही काय म्हणायचो माहितीये? तिथला माणूस ढिला आहे! वाटेत दूध गार होतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसली हुशार माणसं आम्ही!

काल रविवार होता, थेट गावी गेले. मावशीच्याच ओट्यावर तिच्याच गायीचं दूध आधी कोमट मोजलं, मग गार करून मोजलं. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल. तिनं नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मला कशाला दावतीस? मला ठावं हुतं. ज्यायनं ऐकलं त्यायला दाव."

म्हणून येत्या रविवारी सकाळी, रांग भरलेली असताना, मी डेअरीवर हेच करून दाखवणार आहे. अण्णा तयार आहेत. पण रांगेत जे सांगणार आहे ते आधी तुला सांगायला हवं, त्यासाठीच हे पत्र. त्या दिवशी अण्णा कन्नडला गेले होते. नळी माझ्या हातात होती. "मावशे, दुधात पाणी हाय," असं सगळ्यांदेखत मीच म्हणाले होते. तू कॉलेजातून आलीस आणि अण्णांना नको नको ते बोललीस. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मी दाराआड उभी राहिले. तू माझ्याशी बोलणं सोडलंस ते अण्णांची मुलगी म्हणून. मावशीला खरं माहीत होतं, तरी तिनं तुला सांगितलं नाही. का, म्हणून काल विचारलं तर म्हणाली, "लेकरू हुतीस." मला फार लाज वाटते गं. माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण रविवारी ये. धार तूच काढ. दूध गार होऊ देऊ नकोस, तसंच कोमट घेऊन ये, आणि रांगेत पहिली उभी राहा.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
तनुजा