पंधरा वर्षांचं खातं आणि जिन्यातल्या चपला

बुधवार, १ मार्च १९९५. सकाळी
ठरलं. या महिन्यात पीपीएफ. व्याजावर टॅक्स नाही, भरलेल्या पैशांवर सूट, आणि मुख्य म्हणजे या खात्यात दुसरं नाव घालताच येत नाही. हा नियम मला फार आवडला. फ्लॅट दोघांचा, बचत खातं दोघांचं, गॅसचं कार्ड ह्यांच्या नावावर. बावन्नाव्या वर्षी फक्त माझं म्हणावं असं एक लायब्ररीचं कार्ड. तेही आमची लेक क्षिप्रा कॉलेजच्या मैत्रिणींना वापरायला देते.
३१ मार्चच्या आत भरले तर या वर्षीचा टॅक्स वाचेल. अख्खा महिना आहे. भरपूर झाला.

संध्याकाळी
हे म्हणाले, समोरच्या जयमालाला दे, ती गुंतवणुकीची एजंट आहे, सगळी बिल्डिंग तिच्याकडेच देते. म्हणूनच मी देणार नाही. पैसे पंधरा वर्षं अडकणार. लग्न ठरवताना फारशी चौकशी केली नव्हती, निदान इथे करीन. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाणार, सगळीकडे एकच प्रश्न विचारणार, दहापैकी मार्क देणार. सर्व्हिस उत्तम, तिथेच खातं.

शनिवार, ४ मार्च
पोस्ट. माझा प्रश्न: महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं? (उत्तर मला माहीत आहे.) खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, पाच. उत्तर बरोबर, मान चूक. पुढचा प्रश्न विचारेपर्यंत खिडकी बंद. जेवणाची सुट्टी म्हणे. आमच्या ऑफिसात मीही साडेबाराला आलेल्या माणसाला दोनला बोलावते, पण ते वेगळं. आमच्याकडे कामं असतात.
तीन मार्क.

रविवार, ५ मार्च
जयमालाकडे जत्रा. मार्चमध्ये दर रविवारी असंच. लोकांच्या चपला आमच्या पायपुसण्यापर्यंत आल्या. सेक्रेटरी घाडगेंना सांगितलं. ते म्हणाले, बघतो. मी बघत बसणारी बाई नाही. पुठ्ठ्यावर सूचना लिहून दोन दारांच्या मधोमध लावली: "जिन्यात चपला काढू नयेत. हरवल्यास किंवा बदलल्यास कोणीही जबाबदार नाही." अक्षर सुरेख आलं आहे.
क्षिप्रा विचारते, मग लोकांनी चपला घालून तिच्या घरात जायचं का? तो जयमालाचा प्रश्न. जयमालाने सूचना वाचली आणि मला चहाला बोलावलं. मी गेले नाही. अशाने शिस्त राहत नाही.

गुरुवार, ९ मार्च
अर्ध्या दिवसाची रजा. वाशीला एक नवीन फायनान्स कंपनी निघाली आहे, पीपीएफसारखीच योजना आहे म्हणे. ए.सी., हातात गुलाब, थंड पेय, टाय लावलेला मुलगा. प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना मॅडम. नऊ मार्क मनात देऊन टाकले. मग विचारलं, व्याज टॅक्स-फ्री ना? तो खाजगी आवाजात म्हणाला, तुम्ही सांगितलं नाही तर कोणाला कळणार आहे?
मार्क काढून घेतले. थंड पेय तोवर संपलं होतं.

मंगळवार, १४ मार्च
घराजवळची मोठी बँक. फॉर्म संपलेत. ऐन मार्चमध्ये. स्टेशनरीचा साठा कसा ठेवावा हे मी त्या क्लार्कला नीट समजावलं. त्याने ऐकून घेतलं, मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनेही ऐकून घेतलं. मागच्या रांगेतले लोकही ऐकत होते. शाखेत काहीतरी बदल नक्की होईल.
एक मार्क. ऐकल्याबद्दल.

शुक्रवार, १७ मार्च
धुळवड. सगळं बंद. हे म्हणाले, जयमालाने कालपर्यंत निम्म्या बिल्डिंगचे पैसे भरलेसुद्धा. घाईत निम्मी बिल्डिंगच असते.

सोमवार, २० मार्च
सापडली. वाशीत बस स्टॉपसमोरची शाखा. आत शिरल्यावर विशेष कोणी पाहिलं नाही. पण फॉर्म मागताना मी पत्ता सांगितला, सानपाडा, कमलपुष्प सोसायटी, दुसरा मजला, आणि चमत्कार. शिपायाने खुर्ची दिली. पाणी आलं. ऑफिसर स्वतः उठून उभे राहिले. माझ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर, तेही मान वर करून. म्हणाले, तुमच्याकडची माणसं आमच्यासाठी खास.
आवाजात वजन असलं की माणसं आपोआप नीट वागतात. मी हे क्षिप्राला नेहमी सांगते.
साडेनऊ. पंखा कुरकुरतो म्हणून अर्धा कापला.

शनिवार, २५ मार्च
फॉर्म भरून तयार. हे म्हणाले, मग भरून का टाकत नाहीस? यांना पद्धत कळत नाही. मोकळ्या वेळी कोणीही गोड बोलेल. खरी सर्व्हिस गर्दीत दिसते. ३० तारखेला अचानक जाऊन शेवटची परीक्षा घेणार. एक दिवस हाताशी राहतोच.

गुरुवार, ३० मार्च
तुफान गर्दी. तरीही खुर्ची. शाखा पास.
फॉर्म तपासला. सगळं अचूक, फक्त एक जागा रिकामी. ओळख. याच शाखेत खातं असलेल्या कोणीतरी सही करून सांगायचं की या बाईंना मी ओळखतो. मी ऑफिसरना म्हटलं, अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, मला कोण ओळखत नाही? ते नम्रपणे म्हणाले, त्यातला कोणीही एक चालेल. पण उद्याच. परवा बँक बंद.

संध्याकाळी
आमचं बचत खातं फोर्टला, ह्यांच्या ऑफिसजवळ. उपयोग नाही. सेक्रेटरी घाडगेंचं वाशीच्या त्याच शाखेत. गेले. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला चांगला ओळखतो, म्हणूनच सही करत नाही."
घाडगेबाई स्वयंपाकघरात हसल्या. मग घाडगे म्हणाले, गंमत केली. पण पेन काही खिशातून निघालं नाही. गेटसमोर लावलेल्या स्कूटरची मी मागे एकदा हवा सोडली होती, ते अजून मनात ठेवलंय. शिस्तीची गोष्ट माणसं इतकी मनाला का लावून घेतात?
घरी येऊन फॉर्म पुन्हा वाचला. माझं नाव, माझी सही, माझा फोटो. फक्त मला ओळखणारं कोणी नाही. डोकं दुखतंय. लवकर झोपते.

शुक्रवार, ३१ मार्च. सकाळी
क्षिप्राने समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. मी नाही म्हटलं. मग शांतपणे विचार केला. सगळ्यात जवळच्या माणसाची परीक्षा न घेताच निकाल लावणं हे माझ्या पद्धतीत बसत नाही. हे म्हणाले, आज अमावस्या आहे. टॅक्सवाल्यांना अमावस्या नसते.
गेले. जयमालाच्या दारात चपलांचा डोंगर. वर माझी सूचना. तिकडे न बघता चपला काढल्या.
आत कोचावर, खाली, खिडकीत माणसंच माणसं. जयमाला मधोमध, फोन खांद्यात धरलेला. मला बघून तिने फोन ठेवला. "या मॅडम, बसा. टेन्शन नका घेऊ, पानी घ्या आदी." मी ओळखीच्या सहीचं सांगितलं. तिने फॉर्म न वाचता सही केली, खाली त्याच शाखेतला आपला खाते नंबर लिहिला. किती वर्षांची ओळख, या रकान्यात सहा लिहिलं. सहा वर्षांत मी तिच्या घरात पहिल्यांदाच आले होते. मग म्हणाली, "बँकेत खुर्ची दिली ना? आपल्या सोसायटीचं नाव घेतलं की देतात. मी सांगून ठेवलंय त्यांना."
मी चहा घेतला. चहा चांगला होता.
बाहेर आले तर उजवी चप्पल माझी, डावी दुसऱ्याच कोणाची तरी. रंग तोच, पण एक नंबर मोठी. तक्रार करायला सूचनेकडे पाहिलं. कोणीही जबाबदार नाही. घरात जाऊन दुसरी घालायला वेळ नव्हता. तशीच वाशीला गेले. बँकेत चालताना डावा पाय फटक फटक वाजत होता.

संध्याकाळी
खातं उघडलं. पासबुकावर एकच नाव, माझं. ऑफिसरनी शिक्का मारता मारता विचारलं, जयमालाताईंच्याच ना तुम्ही? मी हो म्हटलं. मागे रांग होती.
घरी येऊन सूचना काढत होते, तेवढ्यात घाडगेबाई जिना चढून आल्या. हातात माझी डावी चप्पल. सकाळी जयमालाकडे घाईत बदलली म्हणे.
मी विचारलं, ही माझी हे कसं कळलं?
"वहिनी, टाचेकडे एवढी झिजलेली बिल्डिंगमध्ये आणखी कोणाची असणार? लगेच ओळखली."