तळ्याकाठचा ड्यूटी चार्ट

३ एप्रिल, सकाळी ७.४०
उद्यापासून सहा दिवस डोंगर, तळी आणि आम्ही दोघं. लग्नाला चोवीस वर्षं झाली त्यानिमित्त. कल्पना लेकीची. लोक अशा सहलीला नुसतेच उठून जातात आणि तिथे जाऊन आता काय करायचं म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसतात. मी डेपोचा हेड टाइमकीपर आहे. दोनशे ड्रायव्हर-कंडक्टर माझ्या चार्टवर चालतात, मग एक बायको चालायला काय हरकत आहे?

चार्ट डेपोच्याच छापील फॉर्मवर केला. वेळ, काम, कर्मचारी, बदली कर्मचारी, सही. पेन काढलं ते हिच्या लग्नाआधीच्या कुठल्याशा पितळी कपातून. पेनं ठेवायला झकास आहे.

हिने सगळ्या पानांवर मुकाट सह्या केल्या. तळाचे छापील नियमसुद्धा वाचले, दोनदा. सलग सहा दिवस काम केल्यास कर्मचाऱ्यास एक साप्ताहिक सुट्टी. न घेतलेली सुट्टी बुडणार नाही. यातलं दुसरं वाक्य माझी देणगी. साहेबांशी तीन वर्षं भांडून घालून घेतलं, युनियनने हार घातला होता.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला तुमच्याशी एक बोलायचंय, या वेळी तरी नीट ऐकून घ्या; या वेळीही टाळलंत तर ती परत विचारणार नाही, आणि मग माझ्याकडे रडत येऊ नका. पोरगी आईवर गेली आहे. राईचा पर्वत. ऐकून घेणं हाच माझा धंदा आहे.

४ एप्रिल
पोचलो. हॉटेल सुमार. खिडकीतून डोंगर दिसतो, पण अर्धा. जाहिरातीत पूर्ण होता.

सायं. ५.०० ते ५.२०, तळ्याकाठी हातात हात घालून फिरणे. प्रत्यक्षात ५.१० ते ५.१४, कारण माझ्या बुटात खडा गेला. बाकावर बसून खडा काढत होतो तेवढ्यात ही म्हणाली, अहो, एक विचारायचं होतं. चार्ट पाहिला. ‘मनमोकळ्या गप्पा’ सहा तारखेला १०.३० वाजता आहेत. तसं सांगितलं. हिने तो खडा उचलून तळ्यात टाकला. समजूतदार आहे.

५ एप्रिल
सूर्योदय ६.०५. धुकं. तरी नेमून दिलेली वीस मिनिटं उभे राहून धुकं पाहिलं. शिस्त म्हणजे शिस्त. शेजारच्या खोलीतलं नवपरिणीत जोडपं नऊपर्यंत लोळत होतं आणि उठल्यावर विनाकारण हसत होतं. न चार्ट, न घड्याळ. यांचं कसं व्हायचं?

नौकाविहार ९.००. नावाडी ९.२० ला उगवला. मी त्याच्यादेखत वेळ टिपून घेतली आणि आमच्या डेपोत याबद्दल मेमो मिळतो हे सांगितलं. त्यावर त्याने विचारलं की साहेब, बसणार की उभ्यानेच बोलणार. उर्मट.

मी बसलो नाही. पाण्याची भीती वगैरे काही नाही. वेळेवर लक्ष ठेवायला काठावर कोणीतरी जबाबदार माणूस हवा. ही एकटीच गेली. काठावरून आमचा रोमँटिक फोटो काढला. त्यात ही तिळाएवढी दिसते आणि माझा अंगठा मोठा.

६ एप्रिल
धबधब्याची बस १०.१५ ला निघाली, त्यामुळे १०.३० च्या गप्पा रद्द. मी अन्याय करणारा माणूस नाही. लगेच नवी वेळ दिली: ८ तारीख, दुपारी ४.३० ते ४.४५. हिने विचारलं, पंधरा मिनिटं पुरतील का. म्हटलं, साहेब सगळ्या डेपोचा आढावा दहा मिनिटांत उरकतात. तुझं असून असून असणार काय?

दुपारी २ ते ४ माझी विश्रांती. उठलो तर ही खोलीत नाही. तळ्यावर गेलो. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई मुलांना पोहायला शिकवत होती, आणि ती टाळ्या वाजवत होती त्या दिशेला पाहिलं तर पाण्यातून आमची ही येत होती. पलीकडच्या काठाला जाऊन परत!

हिला पोहता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तर म्हणते, लग्नाआधी ती तलावावर पोहणं शिकवायची, हे मला म्हणे माहीत होतं. लग्नानंतर मला सकाळची पाळी लागली, तलावाची वेळही सकाळचीच, चहा-डबा कोण करणार म्हणून मीच म्हणे सोडायला लावलं. माझ्या आठवणीत असलं काही नाही. त्या वर्षीच्या रोजनिशीतही नसणार. तो पितळी कप म्हणे पोहण्याच्या शर्यतीतलाच.

असो. ओल्या केसांनीच जेवायला बसली. सर्दी झाली तर चार्ट कोलमडेल.

७ एप्रिल, सकाळी ६.१५
कर्मचारी गैरहजर. उशीवर चिठ्ठी: पोहायला जाते.

डोंगरमाथ्यावर एकटाच गेलो. ‘एकमेकांच्या डोळ्यांत पाहणे, ५ मिनिटे’ या कामाचं काय करायचं कळेना. मग दरीत पाहिलं. बदली कर्मचाऱ्याचा रकाना भरायचा राहून गेला होता. माझ्याकडून पहिल्यांदाच.

खाली येऊन पाहतो तर ही कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आठ-दहा मुलांना पाय मारायला शिकवतेय. शिट्टीबाईची मदतनीस नोकरी सोडून गेली म्हणे, हंगामभर माणूस हवंय. लोकांच्या बायका म्हणजे काय वाटेवर पडल्यात? मी तिला तोंडी मेमो दिला. बाईने माझ्या तोंडावर शिट्टी वाजवली. मुलांसाठी होती म्हणाली. माझा विश्वास नाही.

ही मात्र हसत होती. खरं लिहायचं तर इतकं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. छान वाटलं. चार्टचा परिणाम दिसू लागला आहे.

८ एप्रिल, दुपारी ४.५०
ही ४.२९ ला हजर. मी खूश. बाकावर बसलो, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं. तिने बोलण्याऐवजी कागद पुढे केला. आमच्याच डेपोचा रजेचा अर्ज! चार्ट बदलावा लागला तर असावेत म्हणून कोरे फॉर्म आणले होते, त्या गठ्ठ्यात होता.

पद: पत्नी. रजेचा प्रकार: न घेतलेल्या साप्ताहिक सुट्ट्या. चोवीस वर्षं गुणिले बावन्न, एकूण बाराशे अठ्ठेचाळीस. रजाकाळातील पत्ता: शिट्टीबाईचा. सोबत माझ्या चार्टची प्रत, नियमाखाली लाल रेघ.

मी म्हटलं, हा नियम डेपोच्या कर्मचाऱ्यांना. तर शांतपणे म्हणाली, प्रत्येक पानावर ‘कर्मचारी’ या रकान्यात माझं नाव घालून तुम्हीच सही घेतलीत. मला वाटलं, आली रंगात. चोवीस वर्षांनी थट्टा करतेय, हाच तर रोमान्स! तरी सवयीने गुणाकार तपासला. बरोबर. अक्षर सुवाच्य. खाडाखोड नाही. एकही रकाना रिकामा नाही. आमच्या निम्म्या कंडक्टरांना हे जमत नाही. सत्तावीस वर्षांत निर्दोष अर्ज मी कधी अडवलेला नाही. ‘मंजूर’ लिहिलं, तारखेसकट सही ठोकली. ४.३९.

म्हटलं, सहा मिनिटं शिल्लक आहेत, आता तुझं ते काय विचारायचं ते विचार.

म्हणाली, आता काही राहिलं नाही.

मी आग्रह केला तेव्हा सांगितलं. घराजवळच्या तलावावर सकाळी दोन तास शिकवायला जाऊ का, आणि तेवढा वेळ तुमचा चहा तुम्ही करून घ्याल का, एवढंच विचारायचं होतं.

एवढंच! मग आधी बोलायचं नाही का?

९ एप्रिल
परतीची बस सकाळी ८.००. ही स्टँडवर वेळेवर आली. थट्टा अजून चालूच होती. चहापत्तीचा डबा वरच्या फळीवर, साखर त्याच्या मागे, दूध उतू जाताना गॅस बंद करायचा, हे सांगितलं. मी हो हो म्हटलं आणि तिची बॅग कुठे आहे विचारलं. माझीच तेवढी आणली होती.

बस सात मिनिटं उशिरा सुटली. कारण विचारलं नाही. शेजारची सीट रिकामी, त्यामुळे पाय ऐसपैस पसरता आले. चार दिवसांत कंटाळून येईल. पाण्यात कोणी किती दिवस राहतं?

१० एप्रिल, सकाळी ९.३०
चहा केला. उतू गेला. साखर सापडली नाही.

घराचा नवा चार्ट केला. चहा: स्वतः. डबा: स्वतः. भांडी: स्वतः. बदली कर्मचारी: पुढे पाहू.

लेकीचा फोन. सांगितलं, ऐकून घेतलं बरं का, पूर्ण नऊ मिनिटं. ती म्हणाली, आईने तो कप मागितलाय, पाठवून द्या.

पेनं टेबलावर ओतली. कप पुसला. बाहेरच्या बाजूला हिचं माहेरचं नाव आहे, खाली प्रथम क्रमांक. चोवीस वर्षं ती बाजू भिंतीकडे होती. ठेवणारा मीच. वाईट वाटलं. ते इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

मग बाराशे अठ्ठेचाळीस दिवसांनी कोणती तारीख येते ते काढायला बसलो. साडेतीन वर्षांच्या आत-बाहेर. म्हणजे फार नाही. हिशेब जुळतो का पाहावं म्हणून अर्जाची प्रत काढली. शेवटचा रकाना, कामावर रुजू होण्याची तारीख. रिकामा नव्हताच.

तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलंय: लागू नाही.

खाली मंजूर. माझी सही.