महेश्वरीची बरणी आणि माझी कॉलर

मुरुम,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप चन्नम्मा अक्कांस,

धाकट्या शंभुलिंगाचा शरणु शरणार्थ. तुमचे गुडघे आता कसे आहेत? तुमचा अमरनाथ गोळ्या वेळेवर आणून देतो ना? परंड्यात पाणी किती दिवसांनी येतं? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही. मी मोठ्यानं बोललो की ते तुमच्याआधी आमच्या गल्लीला कळतं. म्हणून पत्र लिहितोय. इकडे मी खुशाल आहे. गळा सोडून.

गळ्याचं असं झालं. तुम्हाला ठाऊकच आहे, चौतीस वर्षं मी कॉलरचं वरचं बटण लावूनच शाळेत गेलो आणि रिटायर झालो तरी ती सवय सुटली नाही. (आता बटण लावून जातो कुठं, तर दूध आणायला. पण जातो.) दिवाळीच्या शर्टाचं बटण संक्रांतीला लागेना. मी शिवप्रसाद टेलरला धारेवर धरलं. त्यानं मुकाट्यानं दुसरा शर्ट शिवला. पाडव्याला तोही लागेना. तेव्हा मात्र मी त्याला नको नको ते बोललो. तुझ्या वडलांच्या हाताला माप होतं, तुझ्या हाताला न्हाय, असंही म्हणालो. त्यानं टेप गळ्यात अडकवला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. शर्ट तेवढाच हाय, मान वाढलीय. आरशात बघा की जरा."

घरी येऊन बघितलं तर खरंच. लिंबाएवढी गाठ, आणि गिळलं की तीही वर-खाली होते. अक्का, मला गाठीचं तेवढं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की ती सहा महिने माझ्या गळ्यात होती आणि ते टेलरला कळलं. घरात दुसरं माणूस असतं तर आठ दिवसांत ओरडलं असतं. महेश्वरी तर माझ्या कानावरचा केससुद्धा सोडत नसे. (तेव्हा मी चिडायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली, आता चिडायला कुणी नाही.) शिवप्रसादची माफी मागायला गेलो, तर त्यानं चहा पाजला आणि दोन्ही कॉलरी अर्धा-अर्धा इंच सैल करून दिल्या.

मग उमरग्याला डॉक्टरांकडं गेलो. माणूस तरुण आहे, पण समजावून सांगतो. मेंदूच्या तळाला म्हणे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती गळ्यातल्या थायरॉईडला हुकूम सोडते, की रस तयार कर. रस पुरेसा झाला की रक्तातून वर ते कळतं आणि हुकूम कमी होतात. पण रसाला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही तर रस कमी पडतो, वर काही पोचत नाही, वरून हुकमावर हुकूम येत राहतात आणि खालची बिचारी राबून राबून फुगते. मी म्हटलं, साहेब, हे तर आमच्या तालुक्याच्या शिक्षण खात्यासारखं झालं. माहिती पाठवली नाही की परिपत्रक, तरीही नाही पाठवली की दुसरं परिपत्रक. तिकडं काही वाढत नाही, इकडं फाईल मात्र जाड होते. डॉक्टर हसले. (तिथं दीड तासात माझ्याशी तेवढंच कुणी हसलं, म्हणून तुम्हाला कळवलं.)

त्यांनी जेवणाचं विचारलं. मी कोबी सांगितला. एकट्या माणसाला एक गड्डा चार दिवस जातो, रोज काय करायचं याचा विचार करावा लागत नाही. कोबीत म्हणे आयोडीनच्या वाटेत येणारं काहीतरी असतं, पण शिजवून बेतानं खाल्ला तर त्याला दोष देऊ नका. म्हणजे कोबी निर्दोष सुटला. मग त्यांनी मीठ कोणतं, असं विचारलं आणि मी अडकलो.

अक्का, महेश्वरीनं गल्लीतल्या बायकांबरोबर सोलापुराहून शेंदेलोण मीठ आणलं होतं, तुम्हाला आठवत असेल. सहा किलो. सगळे उपवास त्यात होतील, असं तिचं म्हणणं. चिनी मातीची मोठी बरणी भरली आणि वर चिठ्ठी डकवली, 'उपवासाचं'. त्यानंतर श्रावण काही तिला बघायला मिळाला नाही. ती गेल्यावर तिच्या हातचं लोणचं दोन महिन्यांत संपलं, चटण्या संपल्या, आणि तिनं भरून ठेवलेलं असं घरात तेवढंच उरलं. मग मी साधं मीठ आणणंच सोडलं. दोन वर्षं वरणात, कोबीत, भाकरीच्या पिठात तेच. डॉक्टर म्हणाले, त्या मिठात पुरेसं आयोडीन नसतं. सगळा दोष त्याचा नाही, वय असतं, शरीराचं आपलं काही असतं, पण मीठ बदला. मी घरी आलो आणि बरणी त्याच दिवशी नालीत रिकामी केली. तेव्हा त्याची काळजी नसावी.

बाकी सर्व ठीक. अमरनाथला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा,
शंभुलिंग

ता. क. सोलापूरला गाठीची सुईनं तपासणी करायची आहे. दहा मिनिटांचं काम, बहुतेक वेळा काही निघत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही येण्याची काही गरज नाही. उगीच गुडघ्यांना त्रास.

ता. क. दुसरा. तिथं नाव नोंदवायला गेलो, तर फॉर्मवर 'सोबत येणाऱ्याचं नाव' अशी एक ओळ होती. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मुलगा येणार का?" मी नाही म्हटलं. "सून?" तेही नाही. मागं रांग होती, म्हणून तुमचं नाव लिहून टाकलं. पेनानं लिहिलंय, खोडता येत नाही. येत्या मंगळवारचा नाही, त्याच्या पुढचा मंगळवार, सकाळी अकरा. तुम्ही परंड्याहून निघा, अमरनाथ गाडीत बसवून देईल, आणि मी सोलापूर स्टँडवर नऊपासून उभा राहतो. 'येते' एवढं एका ओळीत कळवा. ते आलं की मी पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

ता. क. तिसरा. बरणीचं मी खोटं लिहिलं. तळाला अजून दोन मुठी आहेत. बाजारातून नवा पुडा आणलाय, पण फोडला नाही. सोलापूरहून तुम्ही दोन दिवस इकडे या आणि ते तुमच्या हातानं काय करायचं ते करा. मला टाकवत नाही.