पंचवीस पिनांची केबल

२ मे १९८८, सोमवार
ऑफिसात कॉम्प्युटर आला. नारळ फोडला. काचेची खोली, आत एसी, चपला बाहेर. साहेबांनी विचारलं, हा टेलिफोन लाइनच्या पेटीला कोण जोडणार? मी हात वर केला. नागपूरचं तीन दिवसांचं ट्रेनिंग जिल्ह्यात फक्त माझं झालंय. एक केबल लावायची. मग नागपूरची बदली पक्की! अर्ज वर गेलेलाच आहे. बायकोला, निर्मलाला, सांगितलं, सामान बांध.

३ मे
केबल लावली. दोन्ही टोकं घट्ट बसली. पडद्यावर काही नाही. केबलचा धडा ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी होता. त्या दिवशी मी सासुरवाडीला पाटोडी-रस्सा खात होतो. पण दोन दिवसांचा पाया भक्कम आहे.

५ मे
केबल काढली, पुसली, लावली. अकरा वेळा.
निर्मलाने यंदा कुरड्या केल्या नाहीत. म्हणाली, "नागपूरले जाऊन राहिलो ना आपण, मंग उन्हात कायले मरू?" सोऱ्यासुद्धा शेजारच्या कुंताबाईंना देऊन टाकला. समंजस आहे.

९ मे
बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत मी शाल पांघरून. साहेब काचेतून बघतात, म्हणून सारखं काहीतरी टाइप करावं लागतं. पाणी प्यायला बाहेर पडलो की सगळे विचारतात, झालं का? म्हणून पाणी सोडलं. तब्येतीला बरंच.

१० मे, सकाळी ११
मॅन्युअल वाचलं. आठ पानं. इंग्रजी सुरेख आहे.
खरं सांगायचं तर फार घाबरलो आहे. हे पुन्हा लिहिणार नाही.

१२ मे
जेवणाच्या सुटीत रेडिओ दुरुस्तीवाल्या खुशालला आत घेतलं. एसी दाखवायला. त्याने केबलला मीटर लावला आणि हसला. म्हणाला, "बाबूजी, हे दोघंही एकाच तारेवर बोलून राहिले. ऐकन कोन?" दोन नंबरची तार तीनला, तीनची दोनला. कथलाचा डाग दिला. पडद्यावर अक्षरं!
मीही हेच करणार होतो. खुशालला चहा पाजला, कुठे बोलू नको म्हटलं.

१३ मे
साहेबांनी रिपोर्ट मागितला. कोणी मदत केली असेल तर तेही लिहा म्हणाले. मी थोडा विचार केला आणि लिहिलं, हे काम जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणालाच येत नाही. ही ओळ वर दिसलीच पाहिजे. रिपोर्ट माझ्याच केबलवरून नागपूरला पाठवला. घरी गाद्या बांधून झाल्या.

१६ मे, सोमवार
केबलवरून उत्तर आलं. जिल्ह्यात आलेला पहिला निरोप. साहेबांनी छापील कागद स्वतः माझ्या हातात दिला, अभिनंदन म्हणाले. मजकूर असा, की जिल्ह्यात हे काम दुसऱ्या कोणाला येत नसल्याने सदर कर्मचाऱ्याची बदली रद्द. पुढील आदेशापर्यंत मशीन त्याच्याच ताब्यात राहील.
खुशालला येतं, असं तोंडावर आलं होतं. पण रिपोर्टखाली सही माझी.
निर्मलाला सांगितलं, सरकारचं माझ्यावाचून अडतं. तिने कुंताबाईंकडे जाऊन सोऱ्या परत आणला आणि गहू भिजत घातले.