वन्स मोअरची तालीम

शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९९८
मंडळाने यंदा 'संगीत मृगांकविजय' ठरवलं. दिग्दर्शिका लतिकाबाई (अनुभव: बालवाडीचं गॅदरिंग). त्यांचा हट्ट, सगळं १८८५ सालच्या नाटक मंडळीसारखं हवं. माईक नाही, पदं लांबलचक, आणि पद आवडलं की प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' द्यायचा. राजा मृगांक मी. दुसरं आहे कोण दुबईत?

शुक्रवार, १६ ऑक्टोबर
तालीम. पेटीवाला मला साथ देऊ शकत नाही. त्याचं म्हणणं, मी पेटी सोडून जातो. असली माणसं!
पुण्याच्या नाट्यसमीक्षक कुंदाताई गानू लेकीच्या बाळंतपणाला इथे आल्यात. प्रयोग बघून मंडळाच्या पत्रिकेत लिहिणार. माझ्या पदाला वन्स मोअर मिळालाच पाहिजे. संपदा म्हणाली, आधी पद तर बसू दे. बायकोला गाण्यातलं काही कळत नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर
ऑफिसात आयडिया सुचली. मी कंपनीचा ॲडमिन ऑफिसर. सोनापूरच्या कामगार कॅम्पची बस माझ्या सहीशिवाय हलत नाही. साइटवरची कोकणातली चाळीस माणसं हॉलमध्ये आणून बसवायची. मंडळाचे सूटवाले काय, टाळ्यासुद्धा कंजूषपणे वाजवतात.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर
कॅम्पच्या मेसमध्ये वन्स मोअरची तालीम घेतली. खूण: मी शेला खांद्यावर टाकला की ओरडायचं. एकाने विचारलं, साहेब, गाणं आवडायच्या आधीच कसं ओरडायचं? अडाणी शंका. दोन तास स्वतः ओरडून दाखवलं. शेवटी जमलं. खलास.
सुतार किसन तेवढा गप्प. दर शुक्रवारी कॅम्पात भजनं म्हणतो, म्हणून शिष्ट झालाय. आमचे पडदे त्यानेच ठोकलेत. तालमीत कोपऱ्यात बसून पदं ऐकत असतो. वेळ जात नसेल.

शनिवार, ३१ ऑक्टोबर
घसा बसला. किरकोळ.

गुरुवार, ५ नोव्हेंबर
ज्येष्ठमध, हळद-दूध, गुळण्या. आवाज शून्य. उद्या प्रयोग.
लतिकाबाईंनी परस्पर ठरवलं: किसनला सगळी पदं पाठ आहेत, तो विंगेतून गाईल, मी तोंड हलवायचं. चालेल. माझा मूळ पिंड अभिनयाचा. आणि कळतंय कोणाला?

शनिवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ६
काल पहिलं पद संपलं. शेला टाकला. चाळीसच्या चाळीस गप्प, एकमेकांकडे बघतायत. पुन्हा टाकला. तेवढ्यात मागून एकजण उठून ओरडला, "अरे, ह्यो तर आपलो किसन!"
दर शुक्रवारी ऐकलेला आवाज. ओळखणारच. मग छप्पर उडायचं बाकी होतं. "किसन, वन्स मोअर!" सूटवालेसुद्धा ओरडायला लागले. पाच पदं, पाच वन्स मोअर. पाचव्याला लतिकाबाईंनी त्याला ढकलून स्टेजवर आणलं. हातात हातोडी तशीच. तो गायला. मी सिंहासनावर बसून होतो. तोंड हलवायचं राहून गेलं.
बस मीच पाठवली होती.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर
पत्रिका आली. कुंदाताईंचं दीड पान, त्यात सव्वा पान किसन. समीक्षा इतकी ढासळलीय. माझ्यावर एक वाक्य: 'राजाची भूमिका करणाऱ्या गृहस्थांनी गाण्यात कुठेही व्यत्यय आणला नाही.' म्हणजे सरळसरळ कौतुक. संपदाला वाचून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. भरून आलं असणार.

शुक्रवार, २० नोव्हेंबर
अबू धाबीच्या मंडळाने प्रयोग मागवलाय. राजा मृगांक: किसन. शुक्रवारी सुट्टी, एकट्यासाठी कॅम्पची बस सोडता येत नाही, म्हणून तालमीला त्याची ने-आण माझ्याकडे. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही.
आज आणायला गेलो. पुढच्या सीटवर बसायला लाजत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा माझंच पद गुणगुणायला लागला. शेवटची तान घेऊन थांबला. सिग्नल हिरवा झालेला, मागचे हॉर्न वाजवतायत, माझा पाय उचलेना. तोंडातून गेलं, वन्स मोअर.
घसा अजून बसलेलाच. त्याला कळलं नाही. म्हणाला, काय म्हणालात, साहेब?
म्हटलं, दार नीट लाव.