बाबांना न ऐकवलेली ओळ

३ नोव्हें., सोम.
हे जाऊन आज सात महिने. चहा अजून दोन कपांचाच टाकला जातो. इराचा बंगळुरूहून फोन. आजोबांची लढाईतली पत्रं हवीत. फोटो पाठवले तर म्हणे, "आजी, ये हँडरायटिंग मला नाही जमत. तू वाचून रेकॉर्ड कर ना." नातीला मराठी कळतं, वाचता येत नाही. या घरात मोठ्यानं बोलायला काही निमित्त तरी. हो म्हटलं.

५ नोव्हें.
सदर बाजारात जाऊन चष्म्याची काडी बसवून आणली. ऑटोवाल्याशी बोलले, तेवढंच दिवसभरात.
एकाहत्तरची नऊ पत्रं. सगळी 'ती. बाबांस'. माझं नाव कुठंच नाही, 'घरी सर्वांस' यात मी. तेव्हा तशीच रीत. तीन वाचली. आवाज आपोआप चढला. सासऱ्यांना मोतीबिंदू, त्यात कमी ऐकू यायचं, म्हणून पत्रं मीच वाचायची. यांना मात्र ते ठाऊक नव्हतं. बाबांची ताकीद होती, "डोळ्यांचं त्याला लिहायचं नाही. तिकडे आधीच काय कमी आहे?"

६ नोव्हें.
इरा: "पप्पा म्हणतात पणजोबा खडूस होते, तुला शिकूच नाही दिलं. सच्ची?" मी जेवलीस का विचारलं. स्वतःचीच लाज वाटली.

८ नोव्हें.
सातवं पत्र. ती ओळ आली, अडखळले आणि जीभ सरळ पुढच्या ओळीवर गेली. तेव्हाही अशीच गेली होती.
'मी परत येवो न येवो, हिला बी.ए. पुरं करू द्या.'
ते 'न येवो' बाबांसमोर तोंडातून काढवेना. वीस वर्षांची होते. पुढं कौलं बदलण्याचं होतं, ते वाचलं.
हे आले. पहिल्याच आठवड्यात बाबांना म्हणाले, "पत्रात लिहिलं होतं, त्याचं काय?" बाबांना वाटलं, कौलांचं. "यंदा नाही जमत." मी कणीक मळत होते. गप्प बसले. यांनी तो नकार माझ्या शिक्षणाला समजून मनात धरला. पुढं बापलेकात कामापुरतंच बोलणं. बाबा गेले तरी मी गप्प. आज सांगू, उद्या सांगू करता करता यांच्याही अस्थी तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत सोडून आले.

९ नोव्हें., रवि.
इरा: "सातव्यात मधेच थांबली तू. काहून? खोकला आला का?" हो म्हटलं. पुन्हा खोटं.

११ नोव्हें.
सकाळी खुर्ची खिडकीशी ओढली, बाबा बसायचे तिथं. समोर वेताच्या मोड्यावर मी. सातवं पत्र पहिल्यापासून. ती ओळ चांगली खणखणीत वाचली, त्यांना ऐकू जाईल अशी. मग म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं." तेही रेकॉर्ड झालं. पुसलं नाही. इराला पाठवलं.
दुपारीच तिनं ऐकल्याची खूण आली. आता दिवेलागण झाली. फोन नाही.