सायलेन्सरचा धूर

७ डिसेंबर १९८३
आज पुन्हा ओकारी! सोनपेठच्या बाजारातून येताना पिकअप थांबवायला लावली. दिवसभर कापडाची दुकानदारी केली तेव्हा ठणठणीत होते. केबिनच्या काचा वर केल्या की डोकं ठणकतं. गिअरजवळच्या फटीतून धूर येतो. हे म्हणाले, "जुनी गाडी हाय, वास यायचाच."

घरी सासूबाईंनी माझं तोंड बघितलं नि गूळच आणला. "चार वर्सांनी देवानं ऐकलं!" शेजारच्या भागम्मालाही सांगून आल्या. मी तो गूळ खाल्ला. इतक्या मायेनं मला या घरात कुणी जेवू घातलं नव्हतं.

१० डिसेंबर
पाळी आली. आम्हा लिंगायतांत बाजूला बसायचं नसतं, म्हणून कुणाला पत्ता नाही. एरवी या चालीचा केवढा तोरा मिरवायची मी! आज वाटलं, बाजूला बसवलं असतं तर सुटले असते.

१४ डिसेंबर
मला गाडीत बसायची बंदी. हे एकटेच गेले, नि डोकं धरून आले.

लिंबाजी फिटर दारात येऊन सांगून गेला, "सायलेन्सर फुटलाय, मालक. ठिगळ नको, आताच बदला. हा धूर माणूस मारतो."

ह्यांचं उत्तर — "संक्रांतीचा धंदा होऊ दे, मग बघू. हिला उलट्या झाल्या त्या दिवस गेल्यामुळं. धुरानं न्हाई."

माझ्या खोट्यानं त्या भल्या माणसाला खोटं पाडलं!

१५ डिसेंबर
सांगायलाच हवं. मला दिवस नाहीत, धूरच लागला होता — एवढंच. पण सासूबाईंनी पाळणा रंगवायला दिलाय.

१७ डिसेंबर
आज हे झरीच्या बाजाराला गेलेत. काचा उघड्या ठेवा म्हटलं. "बरं बरं." या थंडीत कोण ठेवतंय? परत आले की सांगते. नक्की!

१८ डिसेंबर, परभणी, दवाखाना
गाडी रस्त्याकडेला उभी होती. इंजिन चालू, काचा बंद, हे स्टिअरिंगवर आडवे. एसटीच्या ड्रायव्हरनं ओढून काढलं. वाचले!

शुद्धीवर आल्या आल्या माझा हात धरला. "तू गाडीत न्हवतीस, लय बरं झालं. बाळ बरं हाय ना?"

मी हो म्हटलं.